सुखदेवचा तळहात खोटे बोलला नव्हता

खोटे मी बोललो होतो.

माझा मित्र सुखदेव वारला, त्याला आज एक वर्ष झाले.

इकडे हिंदी मुलखात, अधारतालच्या मुख्य रस्त्यावर त्याचे टायरचे दुकान होते. लागूनच माझी कार्यशाळा. कमानी, स्प्रिंग आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर ही माझी कामे. चाळीस वर्षे आमच्यात एक भिंत होती आणि एकच वाद.

तो म्हणे, "रस्ता टायर पकडते बे. तुही स्प्रिंग नुसती झुलते."

मी म्हणे, "त्या टायरला जमिनीवर दाबून कोण धरतो, ते सांग."

"पाय, मास्तर पुस्तकातलं बोलून राहिला." 'पाहा'ला तो 'पाय' म्हणे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत. म्हणूनच भाषा मी जपून वापरतो. मला मास्तर म्हणणारा तो एकटाच होता.

आता कोणीही म्हणत नाही.

माझी नात रेवा हिने एक जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. पाटनच्या वाटेवर एका मोकळ्या पटांगणात शंकू मांडून मोटारींच्या शर्यती होतात. तेथे नुसत्या वेगाला किंमत नाही. वळणावर चाकांनी जमीन धरून ठेवली पाहिजे.

गाडी आम्ही दोघांनी मिळून तयार केली. स्प्रिंग माझ्या, टायर त्याचे.

सुखदेव टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढी. फेरी झाली की खडू कोठवर पुसला गेला, ते पाही. मग तळहात ठेवी. आतली कड, मध्य, बाहेरची कड.

मध्य तापला, तर हवा जास्त. दोन्ही कडा तापल्या, तर हवा कमी.

एकटी बाहेरची कड तापली, तर दोष टायरच्या वर. म्हणजे माझ्या कामात.

पहिल्या शर्यतीत रेवा जिंकली. गाडीतून उतरली ती थेट सुखदेवकडे धावली. "सुखू आजोबा, टायर तो ज़मीन से चिपक गए थे।"

मला तिने लांबून हात केला.

मी पुढे जे केले, त्याचे कारण एवढेच आहे. दुसरे मी पुष्कळ शोधले, सापडले नाही.

पुढच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, कोणालाही न सांगता, मी समोरचा अँटी-रोल बार बदलला. वळताना गाडी एका अंगावर कलते, ते रोखणारी ही आडवी सळई. मी जाड सळई घातली. गाडी ताठ राहील, लोक पाहतील, हे काम कोणाचे म्हणून विचारतील.

गाडी ताठ राहिली. परंतु समोर इतके कसले की बाहेरच्या चाकावर फार भार येतो. नाक वळत नाही, सरळ पळते. हे मला ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकत नाही.

पहिल्या फेरीनंतर रेवा म्हणाली, "मैं मोड़ रही हूँ, ये मुड़ ही नहीं रही।"

सुखदेव वाकला. खडू पाहिला. तळहात ठेवला. पुन्हा ठेवला.

"मास्तर, समोर काही कसलं का तू?"

"नाही."

"बाहेरची कड जळून राहिली. एकटीच."

"मी हात लावलेला नाही."

त्याने स्वतःच्या तळहाताकडे पाहिले.

"चलो, मंग माहाच हात चुकला असन."

आणि दोन्ही कडा तापल्या असे धरून त्याने समोरच्या टायरांत हवा वाढवली.

पुढच्या फेरीत डाव्या वळणावर गाडी सरळ गेली आणि वाळूच्या पिंपांवर आदळली. रेवाचे खांद्याजवळचे हाड मोडले. ते पुढे जुळले.

लोक म्हणाले, म्हाताऱ्याचा हात गेला. माझ्या घरी जेवताना हेच बोलले गेले. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

जाड सळई काढून मी जुनी बसवली. कोणी पाहिले नाही.

त्यानंतर सुखदेव चहाचा ग्लास तळहातात धरून बसू लागला.

"मास्तर, हे गरम आहे न?"

"पुष्कळ गरम आहे."

"मलेही तसंच लागते. मंग त्याच दिवशी काहून चुकलं?"

मलाच विचारी. रोज विचारी.

मग त्याने दुकान बंद केले.

शेवटी तो रुग्णालयात होता. आज सांगायचेच, असे ठरवून मी गेलो. तोंड उघडणार, तोच त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला.

"ताप आहे तुले."

मी म्हणालो, नाही. परिचारिकेने तापमापी लावली. "दादाजी, आपको तो सचमुच बुखार है।"

सुखदेव हसला. कित्येक महिन्यांनी हसला. "पाय."

तेव्हा एक वाक्य बोलायचे होते. मी गोळी घेतली आणि घरी निघून आलो.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

आता मी काय करू? ज्याला सांगायचे, तोच नाही. ते वाक्य रोज तोंडात येते आणि तेथेच राहते. चहाचा ग्लास मला हातात धरवत नाही.

रेवा, तू मराठी सावकाश वाचतेस. हे शेवटपर्यंत वाच. लिहायला मदत करू का, असे तू विचारलेस आणि मी नको म्हणालो, ते यासाठी. ती सळई कार्यशाळेच्या मागे पोत्याखाली आहे. नंतर माझ्याशी बोलायचे की नाही, ते तू ठरव.

इतरांना एकच विनंती. खाली प्रतिक्रियांत माझ्यासाठी सांत्वनाचे काही लिहू नये. सुखदेवचा हात गेला होता, असे कोणी म्हणाले, तर त्याला हे वाचायला द्यावे.

सुखदेव, तू स्वतःच्या तळहातापेक्षा माझ्या शब्दाला खरे मानलेस.

त्या तळहाताला माझा नमस्कार.

होय. समोर मी कसले होते.