लिंगनसाहेबांच्या खांद्यावरचा हात

डॉर्कस ही माझी वहिनी. माझा भाऊ जोनस इंग्लंडमधल्या लडलो गावात जुनी तैलचित्रं साफ करायचा. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, वहिनी आता शिवणकाम घेईल. तिने दुकानावरची पाटीसुद्धा काढली नाही. बारा वर्षं नवऱ्याशेजारी बसून ती सगळं शिकली होती, आणि खरं सांगायचं तर हात तिचाच जास्त हलका होता.

१८७१च्या सप्टेंबरात तिला हॉलीबँक या मोठ्या घरातून बोलावणं आलं. तिथले मालक सेप्टिमस लिंगन पन्नाशीचे, एकटे, अबोल. त्यांच्या जेवणघरात वडिलांचं, एडमंडसाहेबांचं, तरुणपणीचं मोठं चित्र होतं. गेली काही वर्षं त्या चित्रात एडमंडसाहेबांच्या खांद्यावर एक हात उमटत होता. आधी डागासारखा, मग चार बोटं, मग अंगठा. वर्षभरात तीन मोलकरणी काम सोडून गेल्या होत्या. सोबतीला म्हणून मीही वहिनीबरोबर गेले.

स्वयंपाकीण मिसेस हॅमर दारातच म्हणाली, "बाई, तो हात मेलेल्या बाईचा आहे. वर सरकतोय. गळ्यापर्यंत पोचला की या घरातलं कुणीतरी जाणार."

"मग लवकर कामाला लागायला हवं," वहिनी म्हणाली आणि टोपी काढून खिडकीचे पडदे सरकवू लागली.

बराच वेळ ती चित्राला नाक लावून उभी होती. लिंगनसाहेब मागे येऊन थांबले.

"हा हात रंगाने झाकून टाका, मिसेस प्रीस. एवढंच काम आहे."

"झाकलेलाच आहे, साहेब. कुणीतरी इथे एक माणूस रंगाखाली पुरलाय. वरचा रंग वयाने पातळ होतो, मग खालचं दिसायला लागतं. आज मी झाकीन, वीस वर्षांनी पुन्हा वर येईल."

"माणूस? कोण?"

"ते काढल्याशिवाय कसं कळणार?"

साहेब मागे वळून निघून गेले. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी त्यांनी निरोप धाडला : काढा.

तीन आठवडे लागले. रोज सकाळी उजेड आला की वहिनी कापसाच्या बोळ्याने बोटभर जागा पुसायची आणि उजेड गेला की थांबायची. हातामागून बाही आली, बाहीमागून निळा झगा, आणि शेवटी चेहरा. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, हसू दाबून धरलेली. मिसेस हॅमरने चहाचा ट्रे दारातच ठेवला. "आधी हातच होता, आता आख्खी बाई बाहेर काढलीत!" एवढं बोलून ती आल्या पावली परत गेली.

चित्र चौकटीतून काढलं तेव्हा मागच्या कापडावर शाईत लिहिलेलं सापडलं : 'एडमंड आणि बहीण लेटिस, १८१४'.

"वडिलांना बहीण नव्हती," लिंगनसाहेब म्हणाले. मग मागचं अक्षर पुन्हा वाचून, "निदान मला तसं सांगितलं होतं."

गावात लेटिस नावाची एकच बाई होती. कॉर्व्ह स्ट्रीटवर राहणारी मिसेस मॅडॉक्स, हातमोजे शिवणाऱ्या कारागिराची विधवा. आमच्याच, कारागीर मंडळींच्या प्रार्थनाघरात यायची. म्हाताऱ्या मंडळींना तिचं माहेर ठाऊक असणार, पण लिंगनांच्या तोंडावर कोण बोलणार?

वहिनी आणि मी तिच्याकडे गेलो. शहात्तर वर्षांची बाई, कानाने कमी. वहिनीला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"म्हणजे ती माणसं मला भुतासारखी घाबरताहेत?" म्हातारी हसत सुटली. हसता हसताच तिने डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला. "मॅडॉक्सशी लग्न केलं त्याच आठवड्यात बाबांनी चित्रातल्या माझ्यावर रंग चढवून घेतला. एडमंडने अडवलं नाही. बाजारात मी समोर आले की तो पलीकडच्या बाजूला जायचा. त्याचंच वाईट वाटतं, बाबांचं नाही."

"चित्र बघायला याल?" वहिनीने विचारलं.

"हातातले हातमोजे शिवून होऊ देत. शनिवारी येते."

शनिवारी लिंगनसाहेब स्वतः पायऱ्या उतरून खाली आले. म्हातारीने चित्रातला चेहरा जवळून निरखला.

"नाक एवढं मोठं नव्हतं माझं," ती शेवटी म्हणाली.

"माझंही असंच आहे, आत्या," साहेब म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असावा. ते स्वतःच गोंधळले. म्हातारीने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. वहिनीने मला खुणेने बाहेर नेलं.

पुढे चार वर्षं दर गुरुवारी आत्याबाई हॉलीबँकला चहाला जात. साहेबांनी तिथेच राहायला या म्हणून किती विनवलं, पण त्या कॉर्व्ह स्ट्रीट सोडायला तयार झाल्या नाहीत.

त्या गेल्या तेव्हा साहेब हातमोजेवाल्यांच्या रांगेत शवपेटीमागून चालले. आमच्या साध्या प्रार्थनाघरात लिंगनांपैकी कुणी पाय ठेवण्याची ती पहिलीच वेळ. गाणं सुरू झालं आणि त्यांना एकही ओळ येईना. तेव्हा वहिनी आपली जागा सोडून त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि आपलं प्रार्थनागीतांचं पुस्तक त्यांच्यासमोर धरलं.