लाल मफलरवाला उंदीर

परवा माझ्या नातीच्या वाढदिवसाला माझा धाकटा भाऊ एक पुस्तक घेऊन आला. कागद फाडून तिनं ते बाहेर काढलं. वर तोच होता. गळ्यात लाल मफलर, गोबरे गाल, झोकदार वळवलेली शेपटी. इतक्या वर्षांत मेल्याचा एक केस पिकलेला नाही. नातीनं त्याच्या तोंडाचा मुका घेतला, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले.

हे ध्यान पोरांना का आवडतं, हे मला आजवर कळलेलं नाही. ज्यानं त्याला मफलर घातला, त्यानं कधी ज्वारीतल्या लेंड्या निवडल्या नसणार.

आमचं गाव परभणीकडून झरीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. दिवाळी झाली की आई आणि अण्णा ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचे. कणगीभर ज्वारी मागे असायची आणि तेवढ्यावर आमचं भागायचं. मी आत्याजवळ राहायची. भाऊ लहान म्हणून आईबरोबर जायचा, पण एका साली तो शाळेला बसला आणि पहिल्यांदाच मागे राहिला. रडू नये म्हणून अण्णांनी परभणीच्या स्टँडवरून त्याला हे पुस्तक आणून दिलं होतं. गोष्ट एवढीशीच. कुणाचं माणूस लांब गेलं की मफलरवाला उंदीर जातो, शोधतो आणि त्याला घरी घेऊन येतो. बदल्यात भाकरीचा तुकडा मागतो.

मी वाचून दाखवायची आणि कणगीमागं खुडबुड चालू असायची. घरात उंदरांचा सुळसुळाट झाला होता. वाकळा कुरतडलेल्या, पिठाला मुताचा वास. एकदा कणगीत हात घातला तर बोटांना काहीतरी गरम, लिबलिबीत लागलं. उघडी, गुलाबी पिल्लं होती. मी हात राखेनं घासला, तरी दोन दिवस त्या हातानं जेवले नाही.

अशात आमचा शहाणा आपल्या ताटातली भाकरी बिळापाशी नेऊन ठेवताना सापडला. काय करायलास, म्हणून मी त्याचा कान धरला.

"आईला आणायला जायचंय त्याला," तो म्हणाला. "उपाशी कसा जाईल?"

मी दोन धपाटे घातले. कणगी दिवसेंदिवस खाली चालली होती, आत्या माझ्या भाकरीतला चतकोर कमी करायला लागली होती आणि हा चोरांना जेवायला वाढत होता.

मग एका सकाळी तो लंगडत उठला. टाचेचा लचकाच तोडलेला होता. उंदीर फुंकर घालून कुरतडतो, म्हणून झोपेत कळत नाही, असं आत्या म्हणाली. तिनं हळद दाबली, तरी संध्याकाळपर्यंत पाय सुजला. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. परभणीत मोर्चा असला की एसटी झरीवरूनच माघारी फिरायची. तशीच ती त्या दिवशीही फिरली, आमच्यापर्यंत आलीच नाही. शेजाऱ्यानं त्याला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं.

आत्यानं पिंजरा लावला. सकाळी एक धूड अडकलं होतं. तिनं पिंजरा बादलीत बुडवला आणि मी मुद्दाम भावाला बोलावून दाखवलं. एकदाचं खूळ उतरेल असं वाटलं. फुगलेलं पोट, पिवळे दात, चिकटलेले केस. मी नाक दाबून मागं सरले. तो मात्र वाकून नीट बघत राहिला.

"ह्यो तो न्हाई," तो म्हणाला. "ह्याला मफलर कुटाय?"

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भाकरी बिळापाशी.

पाडव्याच्या आधी आई-अण्णा आले. आई दारात बोचकं ठेवतेय तोच हा लंगडत आत पळाला, टोपल्यातली अख्खी भाकरी उचलून कणगीमागं गेला. आईनं विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. ज्वारी, पिल्लं, टाच, सगळं. वाटलं, आता ती त्याला चांगली बदडेल. आईनं त्याचा पाय मांडीवर घेतला, टाचेवरून हात फिरवला. तिचे हात उसाच्या पाचटानं चिरून काळे पडले होते. मग तिनं त्याच्या हातातली भाकरी घेतली, बारीक तुकडे केले आणि स्वतः बिळापुढं ठेवले.

"लय लांबून आणलं बाबा त्यानं मला," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मोळ्या हिनं वाहिल्या, अर्धपोटी मी राहिले, आणि नाव झालं त्या घाणेरड्याचं. तेवढ्यात बिळातून एक काळं नाक बाहेर आलं आणि तुकडा ओढून नेला.

"पुढच्या साली बी यालाच धाडू," भाऊ खुशीत म्हणाला.

आईनं मान डोलावली. पुढच्या सालीही ती जाणारच होती.