मिस आयसिल्डा उठल्या की उपदेश संपतो

व्हेरोना गेलने पन्नाशीत चर्चची पाळक व्हायचं मनावर घेतलं, तेव्हा तिचा नवरा बर्टी कपाळाला हात लावून म्हणाला, "झालं! आता भांडणात देवसुद्धा तुझ्याच बाजूने बोलणार." शाळेचे गणवेश शिवून पोरं मोठी केलेली बाई ती. किंग्स्टनच्या कॉलेजात धर्मशास्त्र शिकायला बसली आणि बायबलच्या मूळ ग्रीकने तिच्या नाकी नऊ आणले. मग तिने कापड बेतायच्या कागदांवर ग्रीक क्रियापदं लिहून ती शिलाई मशीनसमोरच्या भिंतीला टाचली. बर्टीला शर्टाचं बटण लावून हवं असेल, तर आधी एक क्रियापद ऐकून घ्यावं लागायचं. बिचाऱ्याची निम्मी बटणं तुटकीच राहिली.

रडतखडत का होईना, बाई सगळ्या विषयांत पास झाली. राहिला फक्त परीक्षेचा उपदेश. तो डोंगरातल्या वाइल्डकेन गावात मंडळीसमोर द्यायचा आणि परीक्षक मागच्या बाकावर बसून ऐकणार. जमला तर जूनमध्ये पाळकपदाची दीक्षा, नाहीतर आणखी एक वर्ष घोकंपट्टी.

खरी धास्ती परीक्षकाची नव्हती, मिस आयसिल्डांची होती. वाइल्डकेनची माणसं सभ्य. उपदेशाचं गुऱ्हाळ लांबलं तरी तिथे कुणी उठून जात नाही की जांभई देत नाही. पहिल्या बाकावरच्या मिस आयसिल्डा फक्त कठडा धरून सावकाश उभ्या राहतात, डोळे मिटतात आणि गाणं उचलतात. मग अख्खी मंडळी टाळ्या पिटत गायला लागते. शहाणा पाळक काय ते समजतो आणि 'आमेन' म्हणून खाली बसतो.

रविवारी सकाळी व्हेरोनाने त्यांना फाटकातच गाठलं.

"मिस आयसिल्डा, आज माझी परीक्षा आहे हो. जरा सांभाळून घ्या."

"मी काय करते गं बाई? पवित्र आत्मा उठवतो, मी उठते."

"आजच्या दिवस त्याला बसवून ठेवा की."

"तू चांगलं बोल, तो बसेल गपगार."

उपदेश होता बायबलातल्या नाणं हरवलेल्या बाईच्या गोष्टीवर. सुरुवात झकास झाली. बाईने दिवा लावला, झाडू घेतला. पण मागच्या बाकावर परीक्षक डॉक्टर लिंडोंचा चष्मा चमकला आणि व्हेरोनाला आपली सगळी विद्या दाखवायची दुर्बुद्धी झाली. एका जर्मन पंडिताच्या मते नाणं म्हणजे हे, दुसऱ्याच्या मते ते, मूळ ग्रीक क्रियापदाचा काळ तर भलताच. ती बाई बापडी झाडू घेऊन ताटकळत उभी आणि पंडितांचं काही आटपेना. व्हेरोनाला स्वतःलाही कळत होतं, पण थांबायचं कुठे ते सापडत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या बाकाचा कठडा करकरला.

मिस आयसिल्डांनी गाणं उचललं. डफल्या वाजल्या, बाया डोलल्या, पोरं नाचली. व्हेरोना मुकाट्याने 'आमेन' म्हणून खाली बसली. जून गेला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

बाहेर आल्यावर डॉक्टर लिंडो दोन्ही हात पसरून तिच्याकडे आले. शहरातल्या मोठ्या चर्चमधला माणूस, तिथे पाळकापुढे कुणी शिंकतही नाही. त्यांचे डोळे चक्क भरून आले होते.

"काय उपदेश, व्हेरोना! लोक बसूच शकले नाहीत! जर्मन पंडितांवर मंडळी अशी नाचताना मी तरी पाहिली नव्हती. माझ्याकडून पैकीच्या पैकी!"

आजूबाजूच्या बायांनी हसू दाबायला टोप्या तोंडावर ओढल्या. एकजण काही बोलेल तर शपथ. व्हेरोनाने फक्त 'थँक यू' म्हणायचं होतं आणि जून परत हातात येत होता. शब्द जिभेवर आलासुद्धा. पण या माणसांसमोर उद्या कुठल्या तोंडाने उभी राहणार होती ती?

"सर," ती म्हणाली, "ते आनंदाने नव्हते गात. मला गप्प करत होते. इथली रीतच आहे तशी."

डॉक्टर लिंडोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी मिस आयसिल्डांना विचारलं, "ईस्टरला मी इथे उपदेश करायला आलो होतो. तेव्हा तर तुम्ही तीन गाणी म्हटलीत..."

"तीन लागली, पार्सन," मिस आयसिल्डा म्हणाल्या. "एका गाण्यात तुम्ही बसत नव्हता."

डॉक्टर लिंडो मटकन पायरीवर बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"व्हेरोना, आजचा उपदेश नापास," ते डोळे पुसत म्हणाले. "पुढल्या रविवारी पुन्हा. इथेच."

"आणि पोरी," मिस आयसिल्डा म्हणाल्या, "ते जर्मन पाव्हणे घरी ठेवून ये. खरं बोलायला तुला त्यांची गरज नाही."

पुढच्या रविवारी व्हेरोनाने कागद नेलाच नाही. शिवताना सुई पडली की गुडघ्यावर बसून फरशी कशी चाचपावी लागते, आणि पोराच्या पायात घुसायच्या आत ती सापडली की जीव कसा भांड्यात पडतो, ते तिने सांगितलं. देव आपल्याला तसंच गुडघ्यावर बसून शोधतो, एवढं म्हणून ती थांबली. कुणीतरी हुंदका दिला. मिस आयसिल्डा जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त हातातला रुमाल नाकाला लावला.

आता निकाल सांगायला डॉक्टर लिंडो उभे राहिले. व्हेरोनाने शेजारी बसलेल्या बर्टीचा हात असा आवळला की तो कळवळला.

"बंधुभगिनींनो, दीक्षेची ही परंपरा समजून घ्यायची, तर आधी आपल्याला पहिल्या शतकातल्या..."

मिस आयसिल्डांचा हात कठड्याकडे गेला. डॉक्टर लिंडोंनी तो पाहिला.

"पास!" ते म्हणाले आणि चटकन खाली बसले.