छातीवर बसणारी मालू

जगनला त्याच्या मेलेल्या बायकोनं नेला, असं आमच्या अष्टमी गावात आजही कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मालू बिचारी बाळंतपणात गेली. जिवंतपणी तिनं मुंगीला दुखवलं नाही, तिला कशाला बदनाम करता? जगन गेला तो झोप मिळाली नाही म्हणून. ऐकायचं असेल तर ऐका.

जगनच्या नि माझ्या खोलीची मधली भिंत एकच. तेव्हा, म्हणजे ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास, मी इथल्या डॉक्टरीणबाईंकडे केसपेपर काढायचे, गोळ्या बांधून द्यायचे. जगन मूळचा पेणच्या खारेपाटातला, त्याचा बाप मिठागरात राबून गेलेला. रोह्याला केमिकल कंपनीत चिकटला नि आईला, काशीबाईला, घेऊन अष्टमीत राहायला आला. मालू गेल्यावर वर्षाच्या आत काशीबाईनं त्याचं दुसरं लग्न लावलं, गागोद्याकडच्या एका शेतकऱ्याच्या सरूशी. रीतीप्रमाणे सरूच्या गळ्यात मालूच्या नावाचा चांदीचा टाक बांधला. मेलेल्या सवतीला असा मान दिला की ती त्रास देत नाही म्हणतात. सरूनं काही कुरकुर केली नाही.

कंपनीत दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. नाईट करून आला की जगन भर उन्हात पत्र्याखाली झोपायचा. एका दुपारी भिंतीपलीकडून गुदमरल्यासारखा आवाज आला म्हणून मी धावले. सरू त्याला गदागदा हलवत होती. उठून बसला तेव्हा घामानं निथळत होता. सांगायला लागला, की जाग आली, पत्रा दिसत होता, चूल दिसत होती, पण बोट हलेना की तोंडातून शब्द फुटेना. आणि छातीवर मालू बसलेली, नुकती न्हाल्यासारखी, ओल्या केसांची. सरूचा हात लागला तशी ती गेली.

असं वरचेवर व्हायला लागलं तेव्हा मीच त्याला ओढत दवाखान्यात नेला. बाईंनी त्याला नीट समजावलं. स्वप्न पडतं तेव्हा मेंदू हातापायांना कुलूप घालतो. नाहीतर माणूस स्वप्नात पळायला लागला की खरंच उठून पळेल नि विहिरीत पडेल. कधी कधी डोळे आधी उघडतात आणि कुलूप मागाहून निघतं. मग माणूस जागा असतो नि स्वप्नही चालूच असतं. श्वास बारीक चाललेला असतो, आपल्याला हवा तसा ओढता येत नाही, म्हणून छातीवर ओझं वाटतं. हे जगभरात होतं, आणि ज्याच्या मनात जे असतं ते त्याला छातीवर दिसतं. झोपेचा खेळखंडोबा झाला की जास्त होतं.

जगननं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण मालूच का येते?"

बाई म्हणाल्या, ते तुम्हालाच ठाऊक असणार. तेव्हा कुठं त्यानं सांगितलं. मालूला कळा सुरू झाल्याचा निरोप कंपनीत आला होता, पण तो शिफ्ट पुरी करूनच निघाला. बायकोचं तोंडही त्याला जिवंतपणी बघायला मिळालं नाही. एवढा बाप्या माणूस, ढसाढसा रडला.

त्याला कायमची दिवसपाळी द्या, अशी चिठ्ठी बाईंनी दिली. कंपनीतल्या साहेबानं ती वाचलीसुद्धा नाही, म्हणाला, नाईट सगळेच करतात. आता बोला! शेवटी इलाज सापडला तो सरूला. तो झोपला की ती त्याचा हात हातात घेऊन शेजारी बसायची, एका हातानं तांदूळ निवडायची. त्याची करंगळी जराशी थरथरली की ती घट्ट दाबायची, आणि तो मोकळा व्हायचा. काही दिवस घरात शांतता होती, जगनच्या अंगावर जरा मांसही चढलं.

पण काशीबाईच्या जिवाला चैन कुठं? तिनं गावाकडचा भगत आणला. भगत म्हणाला, मालूला तिची जागा परत हवी आहे, दुसरीला बाहेर काढा, आणि ह्याचा दिवसा डोळा लागू देऊ नका. मेल्याच्या जिभेला हाड नाही. मी काशीबाईशी कडाकडा भांडले. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या डॉक्टरणीला एवढं कळतंय, तर माझी मालू का नाय वाचली गो?"

काशीबाईनं सरूला माहेरी धाडलं, जगन उंबऱ्यातून बघत राहिला. मी सरूला एसटी स्टँडवर सोडायला गेले. ती रडली नाही. गाडी सुटताना एवढंच म्हणाली, "करंगळी हलली की दाबायची, ताई. दुसरं काय नाय." पण मी शेजारीण, मला त्याचा हात धरून कोण बसू देणार होतं?

मग काशीबाई त्याला जागवायला लागली. डोळ्यांवर पाणी मारायची, नाकाशी कांदा धरायची, आणि स्वतःही त्याच्यासोबत जागत रडत बसायची. आई होती हो ती, वैरीण नव्हती. पण अडवलेली झोप जाते कुठं? ती डोळे उघडे असताना आत शिरते. जगन चालता चालता मालूशी बोलायला लागला. एका दुपारी, नाईटचा आठवडा नुकताच संपवून, सेकंड शिफ्टला निघाला असताना नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी सायकलवरच त्याचा डोळा लागला, नि तो टेम्पोखाली गेला. त्याला आणला तेव्हा काशीबाई मालूच्या नावानं एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, "नेलान, नेलान."

त्यानंतर भातकापणीच्या सुमारास सरू दवाखान्यात आली. कपाळ मोकळं, वाळून काटकी झालेली. तिला मी बाईंपुढे बसवलं. आता जगन येतो म्हणाली. शेतातून येऊन पडलं की छातीवर येऊन बसतो, अंग हलत नाही. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, घाबरू नकोस, वेळेवर झोप, कुशीवर झोप, हळूहळू कमी होईल.

सरूनं नाही अशी मान हलवली. "कमी नका करू, बाई. भावजय हलवून उठवते नि तो जातो. तिला तेवढं सांगा, हात लावू नको म्हणून."