उबीनचं इंग्रजी घर आणि आप्पांचा ओळंबा

माझा नवरा मंदार जहाजावर असताना इकडे परदेशात पुंगोलचा फ्लॅट मी एकटीने पाहून घेतला. त्यामुळे सासरे तीन आठवडे राहायला येणार म्हटल्यावर मी घर दोनदा झाडून-पुसून काढलं. आप्पा म्हणजे बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. आल्या आल्या, चहाच्याही आधी, त्यांनी हॉलच्या भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं आणि म्हणाले, "पोकळ." मग बेडरूमची भिंत. तीही पोकळ. पुढे मॉलमध्ये तेच, MRT मेट्रोच्या स्टेशनात तेच. परत जायला तीन दिवस उरले तरी माझ्या घराबद्दल एक बरा शब्द नाही. मी अगदी रडकुंडीला आले होते.

तेवढ्यात ऑफिसात कळलं, पुलाउ उबीन बेटावर जुनं इंग्रजी घर आहे, दगडी. म्हटलं, चला, निदान दगड तरी पोकळ निघणार नाही.

सकाळी टॅम्पिनीसहून २९ नंबरची बस पकडून चांगी व्हिलेज गाठलं. पुढे बमबोट, म्हणजे छोटी लाकडी मोटारबोट. बारा माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही आणि आम्ही सगळे मिळून होतो अकरा. "आमच्याकडे वडापच्या जीपचं असंच असतं," म्हणत आप्पांनी पोळीभाजीचा डबा उघडला. जाणाऱ्यांनी सुटे डॉलर जवळ ठेवा, आणि डासांचं मलम तर नक्कीच. धक्क्यावर सायकली भाड्याने मिळतात, पण आप्पांमुळे मी व्हॅन केली.

घर पाहून मला हसू आवरेना. खाली दगडी भिंती, वर काळ्या लाकडी पट्ट्यांमध्ये पांढरा गिलावा, उभट कौलारू छप्पर, त्यावर धुराडं. आत चक्क शेकोटी! बाहेर नारळाची झाडं आणि कुर्ता अंगाला चिकटेल असा उकाडा. कुणा साहेबाने इंग्लंडातून थंडी सोडून सगळं आणलं होतं.

"छपराला एवढा उतार कशाला?" आप्पांनी मला विचारलं.

"बर्फ घसरायला."

ते टोपीवाल्या रखवालदाराकडे वळले. "स्नो कमिंग?"

"नो स्नो, अंकल. ओन्ली मॉस्किटो."

मग त्यांनी भिंतीवर पेर वाजवलं. पुन्हा वाजवलं. "भरीव," ते म्हणाले, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांची कळी खुलली. दगडांच्या दरजा, म्हणजे सांध्यांच्या फटी, कशा भरल्यात ते त्यांनी मला बोट फिरवून दाखवलं. मग भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा ओळंबा पिशवीतून काढला. हो, ओळंबाच, सामानात घालून आणलेला. दोरीला पितळी लट्टू सोडून शेकोटीसमोर एक डोळा मिटून ते निश्चल उभे राहिले.

"फेंग शुई?" रखवालदाराने अदबीने विचारलं.

मी नाही म्हणायच्या आत आप्पा "येस, येस" म्हणाले. न कळलेल्या कुठल्याही इंग्रजी प्रश्नाला त्यांचं तेच उत्तर असतं. झालं, पाच मिनिटांत एक लग्न ठरलेलं जोडपं मोबाइलवर नव्या फ्लॅटचा नकाशा घेऊन हजर.

"मास्टर, बेड व्हेअर?"

आप्पांनी नकाशा उलटसुलट पाहिला. "बाथरूम स्लोप. फर्स्ट पोर वॉटर."

मुलीने ते लिहून घेतलं. तिच्या मागे आणखी चौघं उभे होते.

परतीच्या बोटीत मी मनाचा हिय्या केला. "आप्पा, माझं घर कसं वाटलं? खरं सांगा."

"भिंती पोकळ आहेत."

"ते कळलं. पण घर?"

"बघू," म्हणाले आणि पाण्याकडे बघत बसले. परक्या पोरीला सल्ला, आणि मला "बघू". मला इतका राग आला की मी उठून बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी त्यांना विमानतळावर सोडून आले. हॉलमध्ये कॅलेंडर वाकडं दिसलं म्हणून सरळ करायला गेले, तर त्यामागे खिळ्यापासून खाली पेन्सिलची सरळ रेघ. शेजारी आप्पांचं किरटं अक्षर:

"भिंत ओळंब्यात आहे. सूनबाईची निवड चांगली. बाथरूमचा उतार उलटा."

खाली सही, रीतसर.

मी तशीच बाथरूममध्ये गेले आणि बादलीभर पाणी ओतलं. पाणी सरळ दाराकडे आलं. म्हणजे उतार खरंच उलटा होता, आणि मग वरच्या दोन ओळीही खऱ्याच. ओल्या पायांनी दारात बसून मी पोटभर रडले.