इथं कुणी उठवत नाही

आमच्या घराण्यात आजवर कुणी प्रसिद्ध झालं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेच्या मागून इकडे आले, परत जायचं राहून गेलं, आणि तेव्हापासून आम्ही बेंगळूरच्या येलहंक्यात गुण्यागोविंदानं अप्रसिद्ध आहोत. ही परंपरा मी मोडली. तीही झोपेत.

माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळ्यात समाजाच्या हॉलमध्ये मुलांचं मराठी शिबिर घेते. आमच्या मुलांचं मराठी म्हणजे निम्मं कन्नड, उरलेलं इंग्रजी आणि शेवटी एक 'गं'. याचं अक्काला खरोखर दुःख आहे. मी तिला त्यापायी डोळे पुसताना पाहिलंय. गेल्या वर्षी शिबिराला चार मुलं आली, त्यातली दोन तिची नातवंडं (त्यांना पळायला जागा नव्हती). यंदा कमिटीनं बजावलं, हॉल भरला नाही तर पुढच्या उन्हाळ्यापासून तो झुंबावाल्यांना!

"अज्जी, आम्ही पोरं मिळून रील करतो," अक्काची नात तन्वी म्हणाली. वय बारा, आत्मविश्वास पन्नाशीचा. "स्वल्प दिवसांत सगळ्या बेंगळूरला कळतंय बघ."

"करा," अक्का म्हणाली. "पण खोटं काही दाखवायचं नाही."

मी ताबडतोब सूत्रं हाती घेतली. शिबिरात 'वेळेचं महत्त्व' या विषयावर माझं व्याख्यान असतं. रीलमध्ये तेच घ्यावं असं मी सुचवलं, इस्त्रीचा सदरा घातला आणि संपर्कासाठी माझाच नंबर द्यायला लावला. जबाबदार माणूस नको का! रविवारी पोरं हॉलवर जमली, व्याख्यान झालं, मग सगळ्यांनी चित्रान्न खाल्लं, वर ताक प्यायलं. नंतर पोरं काहीतरी खुसफुसत होती. मी सदरा काढून पंख्याखाली जमखान्यावर जरासा टेकलो, इतकंच मला आठवतं.

मंगळवारी पहिला फोन आला.

"हॅलो, ते समर कॅम्पवाले तुम्हीच ना? अ‍ॅडमिशन ओपन आहे का?" आवाज पुण्याकडचा, थकलेला.

"आहे की! वय काय?"

"चौतीस."

"मुलाचं विचारलं."

"मुलगा आठचा आहे. पण त्याला झोप लागते हो. मला नाही लागत. मी बेळ्ळंदूरला राहतो, खिडकीखाली रात्रभर ट्रॅफिक."

त्यांचं नाव देशमुख. मी गंभीरपणे नाव लिहून घेतलं, कारण पुढे काय करायचं ते सुचेना. मग महादेवपुऱ्याहून एक बाई. "सर, फॅन तोच असेल ना, रीलमधला?" मग आणखी एक गृहस्थ. "त्या काकांच्या शेजारची जागा मिळेल का? विंडो साइडची नको." तेवढ्यात भाजी आणायला गेलो तर कोथिंबीरवालीनं विचारलं, "सार, निद्दे चेन्नागित्ता?" म्हणजे, झोप छान झाली का! मी भाजी तिथंच ठेवून घरी आलो.

"तन्वी! काय घातलंयस त्या रीलमध्ये?"

तिनं फोन पुढे केला. पडद्यावर मी होतो. बनियनमध्ये. तोंड इतकं उघडं की डाव्या दाढेतली चांदी दिसत होती. एक माशी ओठावर बसून आत जावं की नाही याचा विचार करत होती. पार्श्वसंगीत माझंच. आणि खाली लिहिलेलं, 'इथं कुणी उठवत नाही.'

"माझं व्याख्यान कुठंय?"

"ते पण घातलं होतं की अज्जा, आधी. कुणी शेवटपर्यंत बघितलंच नाही. मी पण नाही."

"आत्ताच्या आत्ता काढून टाक! अक्का, सांग हिला!"

अक्कानं चष्मा लावून ते रील पुन्हा पुन्हा पाहिलं. माझ्यासाठी तिला वाईट वाटत असावं, अशी माझी समजूत.

"राहू दे," ती म्हणाली.

"अक्का, माझी अब्रू!"

"दत्तू, तुझी अब्रू गेली तर येलहंक्यातच कुठंतरी सापडेल. हॉल गेला की गेला." मग ती माझ्या फोनवर येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगायला लागली, "मोठ्यांना प्रवेश आहे. येताना एक मूल आणायचं. मूल शिकेल, तुम्ही झोपा."

पहिल्या दिवशी हॉल भरला! उशा घेऊन माणसं आली. लग्न न झालेल्या एका इंजिनिअरनं शेजाऱ्यांची तमिळ जुळी उचलून आणली. अक्कानं त्यांनाही बसवून घेतलं. मोठी माणसं हॉलच्या मागच्या अर्ध्या भागात आडवी झाली, आणि ती जागी होऊ नयेत म्हणून पुढे अक्का बाराखडी कुजबुजत शिकवू लागली. कुजबुजायचं म्हटल्यावर पोरांना भलताच उत्साह आला.

अडचण माझी झाली. "काका आधी झोपू देत, मग आम्हाला लागेल," असं सगळ्यांचं मत पडलं. सगळी माझ्याकडे बघत पडलेली. आयुष्यात पहिल्यांदा मला झोप येईना! शेवटी डोळे मिटून मी खोटंच घोरलो. "अज्जा," तन्वी कानात म्हणाली, "रीलमध्ये खरं वाटत होतं." पण देशमुख तोवर गाढ झोपले होते, हे मी किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं, आणि खरं सांगतो, मला त्या माणसाची फार दया आली.

देशमुखांचा मुलगा ईशान. त्याची आजी साताऱ्याला. आजीचा फोन आला की तो 'हाय आजी, बाय आजी' यापलीकडे कधी गेला नव्हता, असं त्याच्या वडिलांनी अक्काला सांगितलं होतं. तेव्हापासून अक्का त्याच्या मागे लागली होती. या पोराच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य निघालं तरच शिबिर खरं, नाहीतर नुसतीच धर्मशाळा, असं ती म्हणायची.

शेवटच्या दिवशी देशमुखांनी आजीला व्हिडिओ कॉल लावला. सगळा हॉल उठून बसला. अक्कानं माझा हात घट्ट धरला. आजी तिकडून म्हणाली, "बोल रे बाळा, काय शिकलास?"

ईशाननं श्वास घेतला आणि न अडखळता, खणखणीत आवाजात सांगितलं, "आजी, इथले एक आजोबा खोटं खोटं घोरतात, आणि मग खरंच झोपतात, तेव्हा त्यांची लाळ गळते!"

साताऱ्याला आजी रडायला लागली. इकडे अक्का रडायला लागली. "एक चूक नाही रे दत्तू, एक चूक नाही!" म्हणत तिनं मला मिठी मारली, आणि माझेही डोळे भरून आले. मातृभाषेची सेवा लोक उभ्यानं करतात. माझ्याकडून ती आडव्यानं झाली, आणि रीलच्या दिवशी बनियनही धुतलेला नव्हता.