थंड खोलीतलं कातडं

ऐन मे महिन्यात आम्ही प्रयोगशाळेच्या थंड खोलीत स्वेटर घालून बसतो. भांड्यातल्या सौम्य आम्लात माशांची कातडी सावकाश विरघळत असते. त्यातून निघालेलं कोलॅजन नावाचं प्रथिन गोठवून वाळवलं की पातळ पापुद्रा होतो, भाजलेल्या माणसाच्या जखमेवर अंथरायला. विरघळताना जरा ऊब लागली तरी सगळं फुकट. ज्याला साधी ऊब सोसत नाही, त्याच्याच भरवशावर होरपळलेल्यांना सोडायचं, हे मला कधीकधी क्रूर वाटतं.

कातडी आणून देणाऱ्या मासेवाल्या मावशींनी आज विचारलं, "ताई, ह्याचं करता तरी काय?"

मी पापुद्रा दाखवला आणि सांगितलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले, पण पापुद्र्याला हात लावला नाही.

"माझी लेक सुमन शिमग्याला भाजून गेली. तिला का नाही लावलं हे?"

"अजून प्रयोगच चाललेत, मावशी. दवाखान्यात पोचलं नाही."

"कातडी तर मी तेव्हाही आणत होते."

मावशी वाकल्या, आणि आजची कातडी तापू नये म्हणून पाटीतला बर्फ तिच्यावर नीट सारखा करून गेल्या.